परराज्यातल्या गाडीचं पार्किंगचं चलन: आधी तारीख काढा

प्रश्न: मुलीच्या नीटच्या क्लाससाठी आम्ही बिदरहून लातूरला राहायला आलो. गाडी केए-38 पासिंगची. गंजगोलाईत ‘नो पार्किंग’चं 500 रुपयांचं ई-चलन लागलेलं आठ महिन्यांनी कळलं, तेही बिदरला भावाच्या मोबाइलवर लोकअदालतीचा मेसेज आला म्हणून. गाडी कर्नाटकची असली तरी भरावं लागतं का? लोकअदालतीला नाही गेलो तर वॉरंट निघेल का?

उत्तर: बिदर, निझामाबाद, कलबुर्गीकडून आलेली मंडळी प्रत्येक लोकअदालतीच्या तोंडावर हेच विचारतात. गाडी कुठली, हा मुद्दाच नाही. पोलिसांनी हे चलन कोर्टात दाखल केलं का आणि केलं असेल तर कोणत्या तारखेला, यावर तुमचं सगळं ठरणार आहे.

साध्या नो पार्किंगला मोटार वाहन कायद्याचं कलम 177 लागतं. पहिल्या वेळी 500 रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास 1500 पर्यंत, कैद नाही. ज्या गुन्ह्याला नुसता दंडच आहे, त्याचं प्रकरण सहा महिन्यांत दाखल झालं नाही तर कोर्टाला त्याची दखल घेता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 514 तसं सांगतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच 468 होतं. मुदत साधारणपणे गुन्ह्याच्या तारखेपासून मोजतात. कलम 519 खाली कोर्ट उशीर माफ करू शकतं, त्यामुळे खात्री देत नाही. चलनावर कैदेची शिक्षा असलेलं दुसरं कलम जोडलेलं असेल तर मुदतही वाढते, म्हणून कलमं नीट वाचा.

महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन साइटवर गाडी नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाका. चलनाची तारीख, कलम, फोटो दिसेल. मग व्हर्च्युअल कोर्टाच्या, म्हणजे चलनाची प्रकरणं ऑनलाइन चालवणाऱ्या कोर्टाच्या, साइटवर चलन नंबर टाकून बघा. तिथे काही सापडलं नाही, तरी वाहतूक शाखेत जाऊन प्रकरण लातूरच्या कोर्टात दिलंय का ते विचारा. दाखल नसेल आणि सहा महिने उलटले असतील, तर कलम 514 चा हवाला देऊन चलन रद्द करण्याचा लेखी अर्ज तिथेच द्या आणि पोच घ्या.

लोकअदालतीचा मेसेज म्हणजे समन्स नव्हे. तिथे तडजोड राजीखुशीची असते, गेला नाहीत म्हणून वॉरंट निघत नाही. पण एकदा तडजोड केली की अपील नाही. कोर्टाचं समन्स आलं तर मात्र घरी बसू नका.

आता जरा स्पष्ट बोलतो. राहण्याचा पत्ता बदलला की 30 दिवसांत आरटीओला कळवायचं, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 49 मध्ये लिहिलेलं आहे. तुम्ही पत्ता तर कळवला नाहीच, आरसीला मोबाइलही भावाचा ठेवलात. चलन लागलं त्याच आठवड्यात कळलं असतं, तर तिथे बोर्ड होता की नव्हता याचे फोटो काढता आले असते. आज काढलेल्या फोटोवरून आठ महिन्यांपूर्वी बोर्ड नव्हता, हे कोर्टाला पटवणं अवघड आहे.

मुदत संपली म्हणून चलन कॉम्प्युटरवरून आपोआप जात नाही, आणि ते दिसतंय तोवर आरटीओतली कामं अडू शकतात. गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त महाराष्ट्रात राहिली की त्याच कायद्याच्या कलम 47 प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो: बिदर आरटीओची ना हरकत फॉर्म 28 वर, आणि बारा महिने संपल्यापासून 30 दिवसांत लातूर आरटीओला नव्या नंबरचा अर्ज फॉर्म 27 वर. इथला रोड टॅक्स वेगळा. आठ महिने तर चलनालाच झालेत, म्हणजे ही मुदत तुमच्या दारात आहे. फोटोत नंबर प्लेट तुमचीच असेल, जागा आणि वेळ बरोबर असेल, तर 500 रुपयांसाठी ना हरकत अडकवून घेऊ नका, भरून टाका. नंबर चुकीचा वाचला असेल किंवा गाडी त्या दिवशी बिदरलाच होती हे दाखवणारी पावती हातात असेल, तर एक रुपयाही भरू नका. पावती जोडून हरकत घ्या. भरलंत तर साइटवर चलन ‘पेड’ दिसेपर्यंत फॉर्म 28 देऊ नका.