तिची तारीख आधी

पोरी,

रात्री साडेअकराचा तुझा मेसेज दोनदा वाचला. चौतीस वर्षांची बाई, दोनदा आयव्हीएफ फसलेलं, पुढच्या महिन्यात गर्भाशयात भ्रूण सोडायचाय आणि ती विचारतेय, "ॲक्युपंक्चरच्या सुया घेतल्या तर या वेळी राहील ना?" तुला 'हो' म्हणवत नाही, 'नाही' म्हटलं तर ती निघून जाईल. वर तुझे भागीदार 'आयव्हीएफचं यश वाढवा' असा बोर्ड करायला निघालेत.

बोर्ड लावायचा नाही. त्यावर चर्चाही नको.

2002 साली जर्मनीतल्या 160 बायकांचा अभ्यास आला. भ्रूण सोडण्याआधी आणि नंतर पंचवीस पंचवीस मिनिटं सुया. सुया घेतलेल्यांत 42.5 टक्क्यांना गर्भ राहिला, बाकीच्यांत 26.3. तो कागद मी लॅमिनेट करून भिंतीवर लावला, डॉ. कोटणिसांच्या फोटोशेजारी. आपल्या सोलापूरचा माणूस चीनमध्ये जखमींसाठी राबला, त्यांच्याच पथकातल्या डॉ. बसूंनी पुढे ही विद्या भारतात आणली, याचा केवढा अभिमान मला! दुसऱ्या गटाला तुलनेसाठी खोट्या सुया लावलेल्या नव्हत्या, हे तेव्हा खटकलंच नाही.

त्याच भिंतीसमोर एक बाई बसली होती. छत्तीस वर्षांची. साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत फाईल, मांडीवर घट्ट धरलेली. हात बर्फासारखे गार. एएमएचचा, म्हणजे स्त्रीबीजं किती उरलीत याचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीचा रिपोर्ट वरच होता, आकडा कमी होता. मी तिला म्हणाले, सहा महिने दर मंगळवारी या, शरीर तयार करू, मग आयव्हीएफला जा. ती एक मंगळवार चुकली नाही. पाळी सुधारली, झोप लागायला लागली. सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे गेली तेव्हा तिची स्त्रीबीजं मोजकीच मिळाली आणि एकही भ्रूण टिकला नाही.

त्या सहा महिन्यांनीच झालं असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. तिला स्वतःलाच इंजेक्शनं नको होती. मी फसवलं नाही, माझा खरंच विश्वास होता. हे मी इतक्या वेळा मनाशी म्हटलंय की आता पाठ झालंय. पण सहा महिने तिचे होते, माझे नव्हते.

तेव्हापासून केसपेपरवर नावाच्याही आधी लाल पेनने डॉक्टरांची पुढची तारीख लिहिते. तिची तारीख आधी, आपली सुई नंतर. 'आधी पाच सिटिंग पूर्ण करा, मग बघू' हे वाक्य तुझ्या तोंडून ऐकलं तर मी रागावेन, सांगून ठेवते.

2018 चा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा अभ्यास तुला माहीत आहे: 848 बायका, एका गटाला खऱ्या सुया, दुसऱ्याला त्वचेत न शिरणाऱ्या. मूल जन्माला येण्याचं प्रमाण 18.3 आणि 17.8 टक्के. म्हणजे फरक नाहीच. तो वाचून मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. मग लॅमिनेट काढलं. फोटो आहे अजून.

'मग मॅडम, आपण करायचं कशाला?' असं विचारतेस. अगं, रोज पोटात इंजेक्शन घेणारी बाई, सासरी कुणाला न सांगता, बँकेतून अर्धी रजा टाकून येते. आपल्याकडे पंचवीस मिनिटं दिवा मंद करून पडते, तिला कुणी 'गोड बातमी कधी' विचारत नाही. कित्येक जणी टेबलावरच झोपतात. मला हे कमी वाटत नाही. फक्त त्याला गर्भाचं नाव द्यायचं नाही.

आणि हात सांभाळ. इंजेक्शनांनी अंडाशय फुगलेले असताना पोटावर सुई नको. रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का, विचार. भ्रूण सोडल्यावर तिच्या डॉक्टरांना न सांगता काही करायचं नाही. आधी फोन कर, उचलला नाही तर परत कर. 'ते आपल्याला मोजत नाहीत' ही तक्रार मीही वीस वर्षं केली. तारीख त्यांच्याकडे आहे, म्हणून फोन आपण करायचा.

शुक्रवारी ती येईल. नाडी बघायच्या आधी फाईल उघड. 'राहील ना?' विचारलं तर म्हण, "ते माझ्या सुईच्या हातात नाही. आज झोप लागते का बघू." गेली तर जाऊ दे. थांबली तर केसपेपरचा फोटो मला पाठव, लाल अक्षर दिसायला हवं.

तुझी मॅडम