छोट्या ट्रॅक्टरला हायड्रॉलिक चाल: वाचकांच्या शंका

माझ्या १८ एचपीच्या जुन्या मिनी ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स गेलाय. दुरुस्तीपेक्षा हायड्रॉलिक चाल बसवली तर? काम द्राक्षबागेतलंच आहे. (पिंपळगाव बसवंत)

हायड्रॉलिक चाल म्हणजे इंजिनाने पंप फिरवायचा, पंपाच्या तेलाने मोटर आणि मोटरने चाकं. नांगरट आणि ओढकामासाठी करणार असाल तर नाद सोडा. पंप आणि मोटर मिळून साधारण पाव ताकद तेल तापवण्यात घालवतात. गिअरमध्ये एवढी जात नाही.

फवारणीची गोष्ट मात्र वेगळी. ब्लोअरला (फवारणीच्या पंख्याला) पीटीओचे, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचे, मिनिटाला ५४० फेरे अखंड हवेत, आणि दाट पानोळ्याखाली किंवा ओळीच्या टोकाला वळताना चाल मंद हवी. गिअरच्या ट्रॅक्टरचा थ्रॉटल कमी केला की ब्लोअरचा वारा पडतो. क्लच एकेरी असेल तर पाय दाबताच पीटीओही थांबतो. हायड्रॉलिकमध्ये इंजिन एका लयीत ठेवून नुसती चाल कमी-जास्त करता येते. त्यासाठी पंप मात्र बदलत्या क्षमतेचा, म्हणजे फेऱ्याला किती तेल द्यायचं ते कमी-जास्त करता येणारा, पिस्टन पंप हवा. साध्या गिअर पंपावर चाल कमी करायची म्हणजे जास्तीचं तेल व्हॉल्व्हमधून परत टाकीत सोडायचं, आणि दुपारपर्यंत टाकीला हात लावायची सोय उरत नाही.

एक आधी तपासा. बहुतेक ट्रॅक्टरांत पीटीओचा शाफ्ट गिअरबॉक्सच्याच पेटीतून मागे येतो. गेलं आहे ते नेमकं काय, पेटी उघडून बघा. पीटीओच गेला असेल तर चाल हायड्रॉलिक करून ब्लोअर फिरणार कशावर?

डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी १६ सीसीचा गिअर पंप आणि मागच्या दोन चाकांना थेट ३१५ सीसीच्या ऑर्बिटल मोटर (तेलावर सावकाश पण जोरात फिरणाऱ्या), असा विचार आहे. जमेल का? (सातपूर)

आधी गणित करू. सीसी म्हणजे एका फेऱ्यात जाणारं तेल. इंजिनाचे मिनिटाला २००० फेरे धरले तर पंप मिनिटाला ३२ लिटर तेल देईल. प्रत्येक मोटरला १६ लिटर, म्हणजे गळती वजा जाता ४५ ते ५० फेरे. चाकाचा घेर अडीच मीटर असेल तर ताशी सातेक किलोमीटर. बागेला पुष्कळ झाले. १५० बार दाबावर दोन्ही चाकांची मिळून ओढ सव्वातीनशे किलोच्या आसपास निघेल. मात्र पूर्ण ओढ लागली की पंपच साडेबारा एचपी खातो. १८ एचपीच्या इंजिनात ब्लोअरला काय उरतं ते तुम्हीच मोजा.

कागदावर न दिसणाऱ्या दोन अडचणी आहेत. तेल नेहमी सोपी वाट धरतं. पावसानंतर काळ्या मातीत एक चाक रुतून घसरायला लागलं की सगळं तेल तिकडेच धावतं आणि कोरड्या जमिनीवरचं चाक ढिम्म उभं राहतं. दुसरं, साध्या मोटरच्या शाफ्टवर ट्रॅक्टरचं वजन टाकलं की आधी ऑइल सील जातं, मग बेअरिंग. मी तर डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटणारी पेटी), हब आणि ब्रेक मूळचेच ठेवून एकच मोटर गिअरबॉक्सच्या तोंडाशी जोडेन. लेथवर एक कपलिंग करून घ्यावं लागेल, एवढंच.

उतारावर ट्रॅक्टर आपोआप थांबून राहतो, हे खरं का? (इगतपुरी)

अर्धं खरं. बंद सर्किटमध्ये, म्हणजे मोटरचं तेल थेट पंपात परत येतं तिथे, उतरताना इंजिन चाल धरून ठेवतं. गिअर पंपाच्या उघड्या सर्किटमध्ये (तेल टाकीत परत जातं) काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह, म्हणजे तेल अडवून मोटरला रोखणारा व्हॉल्व्ह, नसेल तर ट्रॅक्टर मोटरला ओढत सुटतो. आणि उभा केल्यावर दोन्ही प्रकारांत मोटरच्या आतल्या गळतीने गाडी हळूहळू सरकतेच. हँडब्रेक काढून टाकू नका.

भंगारात ट्रान्झिट मिक्सरचा (काँक्रीट वाहणाऱ्या ट्रकचा) पिस्टन पंप स्वस्तात मिळतोय. घेऊ? (सिन्नर)

नको. तो ९० सीसीच्या घरातला असतो. पूर्ण क्षमतेवर चालवला तर तुमचं छोटं इंजिन ५० बारच्या आतच बंद पडेल. कमी क्षमतेवर चालवाल तर त्याची आतली गळती तेवढीच राहते, मिळणारं तेल मात्र थोडं.

तेल कोणतं घालावं? (निफाड)

आपल्याकडच्या उन्हाळ्याला ६८ ग्रेडचं (घट्टपणाचा आकडा) हायड्रॉलिक तेल. पण तुमच्याकडच्या थंडीत पहाटे तेच तेल घट्ट होतं आणि पंप सुरू होताच कुरकुरतो. पाच-दहा मिनिटं बिनभार चालू द्या, मग ओळीत घाला. तेल ८० अंशांच्या वर जायला लागलं तर कूलर बसवा. रिटर्न लाइनला (तेल टाकीत परत आणणाऱ्या नळीला) १० ते २५ मायक्रॉनचा फिल्टर हवाच. होज (रबरी नळी) कापल्यावर आतला रबराचा चुरा हवेने उडवून न टाकणारे बरेच आहेत.

गळती शोधायला होजवरून हात फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. १५० बारची सुईसारखी धार कातडीखाली तेल घुसवते. जखम टाचणीएवढी दिसते, फारशी दुखतही नाही, म्हणून माणूस घरी बसतो आणि बोट गमावतो. लगेच सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा आणि हायड्रॉलिक तेल घुसलंय असं स्पष्ट सांगा.

आरटीओची परवानगी लागते का? (ओझर)

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातल्या बदलांवर बंधन आहे. ट्रॅक्टर रस्त्यावर आणणार असाल तर काम सुरू करण्याआधीच नाशिक आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा.