खडकवासल्याचे दरवाजे आणि म्हैसूरची दिवाणगिरी

चिरंजीवास सप्रेम आशीर्वाद.

अभियांत्रिकीची पदवी हाती असताना आता स्पर्धा परीक्षेकडे वळावे काय, असे तू विचारले आहेस. शिवाय खरे निर्णय सही करणाऱ्याच्या हाती असतात, नकाशा काढणाऱ्याच्या नव्हे, अशी पुस्तीही जोडली आहेस. तुझा निर्णय तूच घे, पण त्याआधी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे आयुष्य नीट पाहा. दर १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, ज्या तसबिरीला हार घातला जातो तिच्यापेक्षा हा मनुष्य कितीतरी रोचक होता.

१८८३ साली ते पुण्यातून अभियंता म्हणून उत्तीर्ण झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. पुण्याला पाणी पुरवणाऱ्या खडकवासला तलावाचे दुखणे असे होते, की पावसाळ्यात सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी बाहेर पडण्याच्या वाटेवरून, सहा ते आठ फूट पाणी वाहून जाई आणि पुढे उन्हाळ्यात त्याचीच टंचाई भासे. विश्वेश्वरय्यांनी धरणाची भिंत न वाढवता सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढू लागले की ते आपोआप उघडत आणि पूर ओसरला की आपोआप मिटत. भर पावसात, मध्यरात्री, कुणी चौकीदार जागा आहे की नाही यावर काहीच अवलंबून राहिले नाही. साठा सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. पुढे याच रचनेचे दरवाजे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरजवळच्या कृष्णराजसागर धरणावरही आले.

मला मात्र त्यांचे नीरा कालव्यावरचे काम अधिक मोलाचे वाटते, कारण तिथे लोखंडाशी नव्हे तर माणसांशी गाठ होती. वरच्या अंगाचे बागाईतदार उसाला भरमसाट पाणी देत आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, गावांना पुरेसे पाणी पोचत नसे. विश्वेश्वरय्यांनी जमिनीचे गट पाडून ऊस, भात आणि कमी पाण्याची पिके यांची फेरपालट ठरवून दिली. हिलाच ब्लॉक पद्धत म्हणतात. शेतकऱ्यांनी आधी विरोध केला, तेव्हा त्यांच्या बैठका घेऊन त्यांना ती पटवून द्यावी लागली. राज्यकारभाराची खरी उमेदवारी त्यांनी इथे केली, असे माझे मत आहे.

१९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ ते १९१८ या काळात त्या संस्थानाचे दिवाण, म्हणजे मुख्य कारभारी, होते. कृष्णराजसागराचे काम त्याआधीच, १९११ मध्ये, सुरू झाले होते. दिवाणगिरीत १९१३ ला म्हैसूर बँक, १९१६ ला म्हैसूर विद्यापीठ आणि पुढे भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची उभारणी, अशी कामे एकामागून एक होत गेली.

भक्त मंडळी एक गोष्ट सहसा गाळतात, ती मी गाळत नाही. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना राखीव वाटा देण्याच्या दिशेने म्हैसूरच्या महाराजांनी पावले टाकली, ते विश्वेश्वरय्यांना रुचले नाही आणि ते पदावरून बाजूला झाले. गुणवत्ता घसरेल, अशी त्यांची भीती होती. शाहू महाराजांनी तर कोल्हापुरात १९०२ सालीच ५० टक्के जागा राखून ठेवल्या होत्या, आणि या प्रश्नात मी निःसंशय शाहूंच्या बाजूचा आहे. टेलच्या शेतापर्यंत पाणी पोचले पाहिजे हे ज्याला इतके स्पष्ट दिसले, त्याला नोकऱ्यांच्या बाबतीत तोच न्याय का दिसला नाही, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

परीक्षेचा अर्ज भरायचा असेल तर जरूर भर. त्याआधी मात्र तुझ्या तालुक्यातल्या एखाद्या कालव्याच्या टेलला जा आणि गेल्या उन्हाळ्यात पाण्याच्या किती पाळ्या (सोडलेल्या पाण्याच्या फेऱ्या) पोचल्या ते तिथल्या शेतकऱ्यांना विचार. मग शाखा अभियंत्याच्या कार्यालयातली नोंदवही बघ, आणि दोन्ही आकडे मला कळव.

तुझा हितचिंतक