स्कॉटलंड वेगळं झालं तर पौंडाचं काय?

तुमचा प्रश्न असा, की स्कॉटलंडच्या नोटा आजही वेगळ्याच आहेत, मग स्वतंत्र झाल्यावर चलनाची अडचण कसली? अडचण त्या नोटांमध्येच आहे. त्या बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि क्लाइड्सडेल या तीन व्यापारी बँका काढतात, आणि त्यांच्या मोबदल्यात बँक ऑफ इंग्लंडकडे तारण ठेवावं लागतं. त्यासाठी १० लाख पौंडांची ‘जायंट’ आणि १० कोटींची ‘टायटन’ अशा खास नोटा आहेत. त्या बाजारात कधी येत नाहीत. म्हणजे चित्र स्कॉटिश, पत लंडनची.

वेगळं झाल्यावर वाटा तीनच. एक, लंडनच्या संमतीने सामाईक चलन. स्कॉटलंडने स्वतंत्र व्हावं का, यावरच्या २०१४ च्या सार्वमताआधी फेब्रुवारीतच ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री ऑस्बोर्न यांनी याला साफ नकार दिला. दोन, कुणालाही न विचारता पौंड वापरत राहणं, जसा माँटेनेग्रो युरो वापरतो. यात मेख अशी, की ठेवीदार एकदम रांगेत उभे राहिले तर बँकेला पौंड पुरवणारं आपलं कुणी नसतं. तीन, स्वतःचं चलन.

‘तोवर चलन सामाईक ठेवू, मग सावकाश बघू’ हे सगळ्यांनाच सोयीचं वाटतं. पण तेच सगळ्यात आधी फुटतं. चेकोस्लोव्हाकिया १ जानेवारी १९९३ ला चेक आणि स्लोव्हाक अशा दोन देशांत दुभंगला, तेव्हा निदान सहा महिने कोरुना हे चलन एकच ठेवायचा करार होता. टिकला ३८ दिवस. स्लोव्हाक कोरुना पुढे घसरणार हे लोकांनी आधीच ओळखलं होतं, त्यामुळे ठेवी स्लोव्हाक बँकांतून चेक बँकांत निघाल्या. स्लोव्हाक आयातदार चेक बिलं घाईघाईने चुकती करू लागले, चेक व्यापारी मात्र देणी लांबवत राहिले. ८ फेब्रुवारीला चलनं वेगळी झाली. नव्या नोटा पुरेशा तयार नसल्याने जुन्या १००, ५०० आणि १,०००च्या नोटांवर रेव्हेन्यू स्टॅम्पसारखी तिकिटं चिकटवली. चेकांची वेगळी, स्लोव्हाकांची वेगळी. चेक बाजूला माणशी ४,००० कोरुनाच रोख बदलून मिळाले, बाकी रक्कम खात्यात भरा. सुट्टी नाणी आणि लहान नोटा तूर्त तशाच चालू दिल्या. हे पार पडलं, कारण तयारी आधीपासून गुपचूप चालू होती. तारीख महिनाभर आधी जाहीर केली असती, तर तिकिटं चिकटवायला नोटाच उरल्या नसत्या. जुलैत स्लोव्हाक कोरुनाचं १० टक्के अवमूल्यन झालंच.

आपल्याकडेही हेच झालं. फाळणीनंतर रिझर्व्ह बँक दोन्ही देशांची सामाईक बँक होती. ही व्यवस्था ३० सप्टेंबर १९४८ पर्यंत चालायची होती, ती ३० जूनलाच आटोपली. मधल्या काळात नाशिकरोडच्या छापखान्यातून भारतीय नोटांवरच ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ अशी अक्षरं छापून त्या पाकिस्तानला गेल्या. शिलकीच्या वाटणीतले ५५ कोटी कसे अडले, ते सगळ्यांना पाठ आहे. वाटणीचा आकडा ठरणं वेगळं आणि पैसे हातात पडणं वेगळं.

सरकारी कर्जाचं गणित यापेक्षा किचकट. जानेवारी २०१४ मध्ये ब्रिटिश ट्रेझरीने, म्हणजे अर्थखात्याने, जाहीर केलं, की आजवरचे सगळे रोखे आम्हीच फेडू. रोखेबाजार बिथरू नये म्हणून हे आवश्यकच होतं. पण त्यामुळे स्कॉटलंडचा वाटा रोखेधारकांऐवजी लंडनला द्यायचा विषय झाला, आणि ‘चलन नाही तर कर्जही नाही’ ही स्कॉटिश नेत्यांची घासाघीस सुरू झाली. माझ्या मते ही धमकी पोकळ होती. पहिल्याच वर्षी स्वतःचे रोखे विकायला निघालेल्या देशाला असली सुरुवात परवडत नाही.

तिसरी वाट धरली तर घरोघरी प्रश्न गृहकर्जाचा. पगार नव्या स्कॉटिश पौंडात आणि कर्ज इंग्लंडच्या कायद्याखाली जुन्या पौंडात असेल, तर नवं चलन १० टक्के उतरताच हप्ता पगाराच्या हिशोबात सुमारे ११ टक्क्यांनी वाढतो. कर्ज नव्या चलनात फिरवायचा कायदा करता येतो, पण तो स्कॉटिश कायद्याखालच्या करारांपुरताच. तेव्हा ग्लासगोत घर घेणाऱ्याने करारातलं ‘कोणत्या देशाचा कायदा लागू’ हे कलम आधी वाचावं.