धाकट्याची उंची भरत नाही, मग पार्कला जायचं की नाही?

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नाशिकहून खोपोलीला इमॅजिकात जायचं म्हणतोय. मुलगी ९ वर्षांची, मुलगा नुकताच ५ चा झालाय, आणि त्याला ताई जिथे बसेल तिथेच बसायचंय. दीर म्हणतात जाड सोलचे बूट घाला, एवढं कोण बघतंय. की अजून एक वर्ष थांबू? – एक आई, इंदिरानगर

उत्तर: ताई, बुटांचं आधी सांगते, ते प्लीज अजिबात करू नका. गेटवरचा माणूस उंची मोजतो ती अडवायला म्हणून नाही, सीटचा बार, म्हणजे मांडीवर येऊन अडकणारा दांडा, त्या मापाच्या शरीरासाठी बनवलेला असतो म्हणून. दोघांत एकच बार असेल ना, तर तो आधी मोठ्या माणसाच्या मांडीला टेकतो आणि तिथेच थांबतो, शेजारच्या लहानग्याच्या मांडीवर मात्र फट राहते, आणि उतारावर शरीर सीटवरून उचललं गेलं की मूल त्या फटीतून सरकू शकतं. जाड सोलने टाच वर येते, मांड्या आणि खांदे होते तेवढेच राहतात. दीरांना हे असंच सांगा, पटेल त्यांना.

आता घरी काय करायचं ते. निघायच्या आधी दोघांना अनवाणी भिंतीला टेकवून उभं करा, डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलने खूण करा आणि टेपने सेंटिमीटरमध्ये मोजा. मुलीचा अंबाडा किंवा उंच पोनी असेल तर सोडायला लावा, केस मोजायचे नाहीत. मग पार्कच्या साइटवर प्रत्येक राइडची उंची बघून घ्या, काही ठिकाणी दोन आकडे असतात, एवढ्या उंचीपर्यंत मोठ्यांबरोबर आणि त्यापुढे एकट्याने, ते नीट वाचा. वयाचा इथे काही उपयोग नाही, ५ वर्षांची मुलं साधारण ११० सेंमीच्या आसपास असतात पण वरखाली बराच फरक पडतो. मुलीचंही गृहीत धरू नका हं, १४० सेंमीची अट असेल तर ९ व्या वर्षी बऱ्याच मुलांची उंची तेवढी भरत नाही.

आणि हे सगळं धाकट्याला घरीच सांगा, तासभर रांगेत उभं राहून शेवटी ‘नाही’ असं ऐकायला मिळालं की मूल जे रडतं ते बघवत नाही. त्याच्या उंचीत बसणाऱ्या राइड त्यालाच निवडू द्या आणि त्यातल्या एक-दोन पहिल्यांदा करा. त्यात ताईने त्याच्याबरोबर बसायचं, हे तिच्याशी आधीच ठरवून टाका.

तुम्ही दोघं मोठे आहात तर एकाने मुलीबरोबर बसायचं, दुसऱ्याने धाकट्याला घेऊन थांबायचं, मग अदलाबदल. फ्लोरिडाच्या डिस्नेत यासाठी रायडर स्विच म्हणून सोय आहे, थांबलेल्याला पुन्हा नेहमीच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. आपल्याकडे आत गेल्यावर स्टाफला विचारून बघा, विचारायला काय जातं.

वर्षभर थांबायची गरज मला तरी वाटत नाही. या वयात मुलं वर्षाला ५-६ सेंमी वाढतात, त्यामुळे थोडक्यात हुकलेली राइड पुढच्या दिवाळीत मिळेल, पण १४० वाल्या राइडसाठी त्याला अजून बरीच वर्षं आहेत आणि तोवर ताईला का थांबवायचं? जा या दिवाळीतच, फक्त कसारा घाटात गाडी लागत असेल तर पहाटे पोट भरून खायला घालू नका दोघांना.