पहिल्या चारपैकी तीन सामने हरलेला नॉर्थवेस्टर्न : 2018 चा हंगाम

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये सुरुवातीलाच आपटलेला संघ त्याच हंगामात खरोखर सावरतो का, आणि सावरला तर नेमकं काय बदलतं. माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं एक उदाहरण सांगतो. 2018 साली मी शिकागोशेजारच्या इव्हन्स्टनमध्ये राहत होतो. तिथल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा संघ हळूहळू माझा झाला तो त्याच हंगामात. (हा आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, तो खेळ.)

पहिला सामना त्यांनी पर्ड्यूविरुद्ध 31-27 असा जिंकला. पण ते सगळे 31 गुण मध्यंतरापर्यंतचे होते, नंतर भोपळा. मग ड्यूककडून 7-21 हार, त्यातही मध्यंतरानंतर शून्य. तिसरा सामना सर्वांत जिव्हारी लागला. ओहायोतल्या अ‍ॅक्रनविरुद्ध मध्यंतराला 21-3 अशी आघाडी होती आणि शेवट झाला 34-39. आज बिग टेनमध्ये, म्हणजे नॉर्थवेस्टर्न ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतं त्यात, असलेल्या संघाला अ‍ॅक्रनने त्याआधी हरवलं होतं ते थेट 1894 मध्ये! त्या संध्याकाळी मैदानातून बाहेर पडताना आजूबाजूला कोणी बोलत नव्हतं.

त्यानंतरच्या सुटीच्या आठवड्यात आणखी वाईट बातमी आली. संघाचा मुख्य धावपटू, म्हणजे रनिंग बॅक, जेरेमी लार्किन याला मानेच्या मणक्यातली पोकळी अरुंद असल्याचं निदान झालं. जिवाला धोका नव्हता, पण खेळणं कायमचं बंद. विशीतला मुलगा, ऐन बहरात होता. मला स्वतःला त्या आठवड्यात हारजीत फार क्षुल्लक वाटली. पुढच्याच सामन्यात मिशिगनविरुद्ध 17-0 अशी आघाडी घेऊन संघ 17-20 असा हरला. एक विजय, तीन पराभव.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. लोक अशा वेळी प्रशिक्षकाच्या जोशपूर्ण भाषणाच्या गोष्टी सांगतात. माझ्या मते इथे गोष्ट गुडघ्याची होती. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, क्लेटन थॉर्सन याच्या गुडघ्याचा स्नायुबंध आदल्या डिसेंबरात फाटला होता. पहिल्या सामन्यात त्याला दुसऱ्या क्वार्टरबॅकबरोबर आलटूनपालटून खेळवलं, इतकी काळजी घेतली जात होती. ऑक्टोबर उजाडेपर्यंत तो मोकळेपणाने खेळू लागला. लार्किन नसल्याने धावून यार्ड मिळत नव्हते, तेव्हा सगळा भार फेकीवर टाकला आणि मिशिगन स्टेटला त्यांच्याच मैदानात 29-19 असं हरवलं.

पुढचा नेब्रास्काचा सामना मी जन्मभर विसरणार नाही. सात गुणांनी मागे, दोनेक मिनिटं उरलेली, टाइमआउट एकही शिल्लक नाही आणि चेंडू स्वतःच्या एक यार्ड रेषेवर. म्हणजे अख्खं मैदान, 99 यार्ड, पार करायचं! थॉर्सन एकेक फेक करत गेला आणि अवघी काही सेकंद उरली असताना टचडाऊन झाला, म्हणजे चेंडू समोरच्या टोकाच्या रेषेपार पोचला, आणि बरोबरी झाली. जादा वेळेत बदली किकरने चेंडू लाथेने खांबांमधून मारून 34-31 असा सामना जिंकून दिला. नेहमीचा किकर जखमी होता. माझ्या शेजारचे आजोबा मला मिठी मारून रडत होते. त्यांचं नावही मला ठाऊक नव्हतं.

यानंतर लार्किनची जागा आयझाया बाउझर या पहिल्या वर्षाच्या मुलाने घेतली आणि फेकीवरचा भार हलका झाला. विस्कॉन्सिनला 31-17 असं हरवलं ते त्यामुळेच.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे सांगायला हवी. या सावरण्यात स्पर्धेच्या रचनेचाही हात होता. तेव्हा बिग टेनचे पूर्व आणि पश्चिम असे दोन विभाग होते आणि विभागाच्या क्रमवारीत फक्त बिग टेनमधले सामने धरले जात. ड्यूक आणि अ‍ॅक्रन हे बाहेरचे संघ. नंतर नोत्र दामकडूनही हार झाली, तीही बाहेरचीच. बिग टेनमध्ये मात्र नऊपैकी आठ विजय! 10 नोव्हेंबरला आयोवाला त्यांच्या मैदानावर 14-10 असं हरवलं, त्याच दिवशी पश्चिम विभागातलंच पर्ड्यूही हरलं, आणि दोन सामने बाकी असतानाच पश्चिम विभाग जिंकला. बेनेट स्कोरोनेकने झेप घेऊन झेललेला तो निर्णायक टचडाऊन मी अजूनही अधूनमधून बघतो.

तेव्हाचे प्रशिक्षक पॅट फिट्झजेराल्ड 1995 च्या नॉर्थवेस्टर्न संघात स्वतः खेळले होते. तो संघही सुरुवातीला मायामी ऑफ ओहायोकडून हरून पुढे रोझ बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यापर्यंत पोचला होता. त्यामुळे एका लाजिरवाण्या पराभवाने हंगाम संपत नाही, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

बिग टेनच्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेटने 45-24 असं हरवलं, तेही योग्यच, ते वरचढ होते. मग 31 डिसेंबरला सान दिएगोत, पावसात, हॉलिडे बोल हा हंगामाअखेरचा सामना. मध्यंतराला युटा 20-3 असं पुढे. ज्या संघाचं मध्यंतरानंतर पाणी पाणी व्हायचं, त्याने तिसऱ्या सत्रात 28 गुण केले आणि सामना 31-20 असा खिशात घातला.