बिल्डर ‘ग्रीन’ म्हणतोय, पण मोजायचं कसं?

प्रश्न: ताई, कोथरूडमधली आमची चार मजली सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीय, नवीन बिल्डिंग चौदा मजल्यांची. मीटिंगमध्ये बिल्डरने सांगितलं सोलर आहे, एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट आहे, ग्रीन रेटिंग पण मिळणार. माझा मुलगा विचारतो, बांधतानाच जो कार्बन हवेत जातो तो हिशेबात कोण धरतं? हे मोजता येतं का, की नुसत्या ब्रोशरमधल्या गप्पा?
— एक कमिटी मेंबर, पुणे

उत्तर: मुलाचा प्रश्न अगदी नेमका आहे. सोलर, एसटीपीचा फायदा राहायला गेल्यावर हळूहळू मिळतो, पण सिमेंट आणि सळईचा कार्बन पझेशनच्या आधीच हवेत गेलेला असतो, तो नंतर काही केल्या परत येत नाही. आणि मोजणं अवघड नाहीये हो, बिल्डरकडे बीओक्यू असतोच, म्हणजे किती सिमेंट, किती स्टील, किती ब्लॉक याची यादी, ती मागा, प्रत्येक मालाच्या वजनाला किलोमागे किती कार्बन डायऑक्साइड त्या आकड्याने गुणा आणि खाली बेरीज मारा. मुलगा एक्सेलमध्ये करून देईल.

ओपीसी, म्हणजे साध्या सिमेंटला किलोमागे साधारण ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे ५० किलोच्या गोणीमागे ४५ किलो. आपल्या ग्रिडची वीज युनिटला साधारण ०.७ किलो, तेव्हा एक गोण म्हणजे साठेक युनिटं जाळल्यासारखं. यातला निम्म्याहून जास्त कार्बन इंधनाचा नसतोच, चुनखडी भट्टीत तापली की तिच्यातूनच निघतो, त्यामुळे कारखान्याने कितीही सोलर लावलं तरी तो भाग तसाच. म्हणून क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघालेला तो भाजलेला माल, कमी असलेलं मिश्र सिमेंट मागा: पीपीसी नावाच्या प्रकारात १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश म्हणजे कोळशाची राख असते, पीएससीत २५ ते ७० टक्के स्लॅग म्हणजे पोलाद कारखान्याची मळी. कॉन्ट्रॅक्टर कुरकुरणार, कारण मजबुती सावकाश येते, सेंट्रिंग उशिरा निघतं आणि पाणी सातऐवजी किमान दहा दिवस मारावं लागतं. तेव्हा तोंडी नको, करारातच घाला.

सळई ब्लास्ट फर्नेसमधली, म्हणजे खनिजापासून केलेली असेल तर टनामागे दोन टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड. भंगार वितळवून केलेली, जशी जालन्याकडे बनते, बरीच कमी पडते, पण भंगारासोबत कोळशावर बनवलेलं स्पंज आयर्न, म्हणजे खनिजातून काढलेलं कच्चं लोखंड, जास्त घातलं तर तो फायदा गेलाच, म्हणून मिलचा ईपीडी आहे का विचारा, म्हणजे त्या मालाचा तपासून घेतलेला पर्यावरण दाखला. सळईचा ग्रेड मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगेल तोच, तिथे तडजोड नाही.

आता खरी मेख. बिल्डर बेरीज दाखवेल ती ‘दर चौरस फुटामागे’, आणि भागाकार करेल एकूण बांधकामाने, म्हणजे पोडियम (बिल्डिंगखालचा रुंद चौथरा), पार्किंग, लॉबी सगळं धरून. तिथे कोणी राहत नाही, काँक्रीट मात्र भरपूर खातं, आणि भागाकारात आल्यामुळे उलट आकडा छोटा दिसतो! त्याला म्हणा एकूण टन सांग, मग कार्पेट एरियाने आम्ही भागतो. पार्किंगचा एक मजला कमी केला तर किती वाचतं हेही त्याच शीटमध्ये बघा, माझ्या मते बऱ्याच सोसायट्यांना सगळ्यात मोठी बचत इथेच सापडेल, अर्थात दोन गाड्यावाले मेंबर भांडणार. वाहतुकीचं फार टेन्शन घेऊ नका, सिमेंट-सळईपुढे तो आकडा सहसा लहान असतो. इटालियन मार्बल वगैरे असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न: नाशिकला बंगला बांधतोय. आर्किटेक्ट म्हणतो लाल विटा नको, एएसी म्हणजे हलके, सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक घ्या. खरंच फरक पडतो का?
— नाशिकचे एक वाचक

उत्तर: किलोला किलो लावून बघू नका, फसाल. एएसीतही सिमेंट, चुना आणि वाफेची भट्टी आहेच, पण तेवढ्याच जागेला ब्लॉकचं वजन विटेच्या साधारण एक तृतीयांश, म्हणून एक घनमीटर भिंतीला किती लागतं ते धरून तुलना करा. हलक्या भिंतीमुळे सळईही थोडी वाचते, पण इंजिनिअरने डिझाइन तसं परत केलं तरच. आणि तुमच्या जवळ एकलहऱ्याचं थर्मल स्टेशन आहे, तेव्हा फ्लाय अॅश विटांचा भाव पण काढा, त्यांना भट्टी लागत नाही.